पिन तुटलेली, वापरू नये

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं म्हणालात, "आजी, ते बोटीचं इंजिन भंगारात देऊ नकोस हं. साफ कर, रंगव, आम्ही आमच्या हॉलमध्ये ठेवू." ठेवा. पण घरात काय येतंय हे तुम्हाला माहीत असायला हवं, म्हणून लिहिते आहे.

तुमचे आजोबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. हे इंजिन त्यांनी उल्हासनगरच्या भंगारातून आणलं, तेव्हाच ते जुनं होतं. बोटीच्या मागच्या फळीला अडकवायचं, दोरी ओढून चालू करायचं, की खाली पाण्यात पंखा फिरतो. बारवी धरणाच्या बाजूला एका पाड्यावर त्यांचा दोस्त राहायचा. त्याच्या लाकडी होडीला इंजिन लावून दोघं सुट्टीला मासे धरायला जात. एका रविवारी दोस्त ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं सोडायला पुढे गेला. वारा सुटला, ट्यूब उलटली. होडी, इंजिन आणि आजोबा काठाला होते. दोस्त बुडाला.

संध्याकाळी आजोबा इंजिन खांद्यावर घेऊन घरी आले आणि म्हणाले, "पिन तुटली."

पिन म्हणजे पंख्याच्या दांड्यात आडवी घातलेली पितळेची काडी. पंखा दगडावर आपटला तर ती तुटते आणि इंजिन वाचतं. मग इंजिन नुसतं धडधडत राहतं, होडी जागची हलत नाही. एवढं त्यांनी मला समजावलं. मी लगेच पुठ्ठ्यावर लिहिलं, 'पिन तुटलेली, वापरू नये', आणि तो पुठ्ठा इंजिनला बांधला. माझ्या चिठ्ठ्या तुम्हाला ठाऊक आहेतच. माझ्या वडिलांनी हट्टाने मला इंग्रजी शाळेत घातलं, आणि जे असेल ते नाव घालून लिहून ठेवायचं ही सवय तिथे लागली. इंजिन पोत्यात गुंडाळून माळ्यावर गेलं. त्याला परत कोणी हात लावला नाही.

त्यानंतर एक गोष्ट सुरू झाली, ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. दुपारी दिवाणावर झोपले की आजोबांचा उजवा हात एकदम मागे ओढला जायचा. थोडं थांबून पुन्हा. तीनदा, चारदा. कोपर भिंतीवर आपटायचं. तिथला रंग उडाला आहे. मी हात धरून ठेवायची, तर तो माझ्या हातातही ओढ घ्यायचा. शेवटच्या आजारपणात पाय हलत नव्हते, पण तो हात हलायचा.

तुमच्या फोननंतर मी इंजिन खाली उतरवून घेतलं. आधी रॉकेल आणि ब्रश, मग तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर. ॲल्युमिनियमवर साधा प्रायमर धरत नाही, म्हणून वेगळा आणायला उल्हासनगरला गेले. दुकानातले सिंधी काका ऐकून हसले. "अम्मा, इस उमर में नाव? वालधुनी के नाले में चलाओगे क्या?"

मी म्हटलं, "भिंतीपाशी ठेवणार आहे."

"भिंतीपाशी? मग एवढा महाग प्रायमर कशाला?"

"नातवंडांसाठी आहे."

"अरे, मग तर दोन डबे घ्या!"

पंख्याला रंग द्यायचा तर तो काढावा लागतो. नट सुटला, पंखा हलेना. ग्रीस वाळून दगड झालं होतं. दिवसभर रॉकेल मुरू दिलं, मग पंखा हातात आला. तुटलेल्या पिनेचे तीन तुकडे निघणार, म्हणून मी खाली वाटी धरली होती. वाटीत एकच पिन पडली. सरळ, अख्खी, कुठे ओरखडासुद्धा नाही.

मग झोपेत दोरी ओढल्यासारखा मागे जाणारा तो हात आठवला. पिन तुटली असती, तर इंजिन चालूच राहिलं असतं. दोरी ओढायची गरजच नव्हती. इतकी वर्षं हात धरून बसले आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पिन रुमालात बांधली आणि बदलापूरहून रिक्षा करून त्या पाड्यावर गेले. दोस्ताची बायको ओटीवर भात पाखडत होती. मी रुमाल सोडून दाखवला. म्हटलं, "ही तुटली नव्हती."

तिने सूप खाली ठेवलं नाही. "मना म्हायती हाय, बाय. पयल्याच सालात तुमचं मालक येऊन सांगून गेलं. दोरी हातात धरून हुभा होतो, म्हनलं, पर हात वर येईना. पवता येत न्हवतं ना त्यांना." मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला न्हाई सांगितलं?"

"नाही."

"तुमचं नाव काढलं व्हतं. म्हनलं, तिला सांगू नका, ती लिवून ठेवील."

मी पिन परत रुमालात बांधली. मग विचारलं, "तुम्ही त्यांना माफ केलंत?"

"मागितली कुठं त्यांनी? दरसाल लावणीला यायचं, दोन दिस चिखलात वाकायचं. मी भाकर वाढायची. बोलाय मातर बोलली न्हाई कधी."

दर पावसाळ्यात ते वांगणीला मित्राकडे जातो म्हणून जायचे, नखांत चिखल घेऊन यायचे. मी रागावून त्यांच्या हातात ब्रश द्यायची.

इंजिन आता रंगवून झालंय. पूर्वी होता तोच हिरवा रंग दिला आहे. पिन परत दांड्यात घातली. दोरी नवी घेतली होती, पण लावली नाही. जुन्या दोरीच्या मुठीवर त्यांच्या बोटांचा काळा डाग आहे, त्याला मी रॉकेल लावलं नाही. चुकलेला शब्द खोडायचा तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. जुन्या पुठ्ठ्यावर मी तशी एक रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'पिन शाबूत आहे. दोरी ओढली नव्हती.' पुठ्ठा इंजिनला बांधूनच पाठवते आहे. तो काढू नका. आणि पाहुण्यांपैकी कुणी गंमत म्हणून दोरी ओढायला लागलं, तर त्याचा हात धरा.