वाइंडिंगमावशी

एखादी वस्तू जळाली, मेली किंवा कामातून गेली, असं वाइंडिंगमावशींच्या तोंडून मी कधीच ऐकलं नाही. बांगडी फुटली की आपण ती वाढवली म्हणतो, नारळही वाढवतो; मावशींनी हा मान विजेच्या सामानालाही देऊन टाकला होता. मिक्सरची मोटर वाढायची, इस्त्रीची कॉइल वाढायची, आणि फ्यूज तर आमच्या इंदिरानगरात रोज कुणाचा ना कुणाचा वाढलेलाच असायचा. "आपल्याच घरातली वस्तू ना ती, तिला कशाला वाईट बोलायचं? चालली तवर चालली बिचारी," म्हणत त्या बंद पडलेल्या इस्त्रीवरून पदर फिरवायच्या.

मावशी मूळच्या येवल्याकडच्या. अंबडच्या एका कारखान्यात वीसेक वर्षं त्या मोटरींना तांब्याची तार गुंडाळत होत्या, म्हणून हे नाव. वाइंडिंगचा तो विभाग बंद झाला तशी त्यांनी टेस्टर, पक्कड आणि चिकटपट्टी एका कापडी पिशवीत घातली आणि घरोघरी दुरुस्त्या सुरू केल्या. बाई वीज दुरुस्त करते म्हटल्यावर घरातले पुरुष हमखास मागे उभे राहून सूचना द्यायचे. मावशी त्यांच्या हातात बॅटरी द्यायच्या. "साहेब, एवढा उजेड धरा जरा." साहेब उजेड धरण्यात गुंतले की मावशी आपलं काम सुरू करायच्या.

गिझर बघायची त्यांची एक खास तऱ्हा होती. आधी मेन बंद करायच्या. मग बादली पालथी घालून तिच्यावर बसायच्या आणि वर गिझरकडे बघत राहायच्या. हिवाळ्यातलं कोवळं ऊन झरोक्यातून येऊन फरशीवर पडलेलं असायचं, नळ कुठेतरी टपटपत असायचा, आणि आम्ही दोघी नुसत्या बसून असायचो. ऑफिसची घाई असूनही मला ती पाच मिनिटं संपूच नयेत असं वाटायचं. एकदा मी विचारलं, "काय बघता हो एवढं?" तर म्हणाल्या, "बघत नाय. आधी त्याला थंड होऊ देते, मग मी थंड होते."

माझ्या वडिलांना, नानांना, त्या वर्षी अर्धांगाचा झटका आला होता. पाय हळूहळू सुधारला, पण उजव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच. रोज सकाळी अर्धा तास गरम पाण्याच्या धारेखाली हात धरला की बोटं जरा सैल पडायची आणि मला ती थोडी उघडता यायची. "यात खंड पडू देऊ नका, सांधे आखडले तर मूठ कायमची राहील," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अशात ऐन जानेवारीत, नाशिकच्या त्या बोचऱ्या थंडीत, आमच्या गिझरचा लाल दिवा लागेनासा झाला.

मावशी नेमक्या येवल्याला बहिणीकडे होत्या. फोनवर म्हणाल्या, "कटाऊट वाढला असंल. परवा येते. तवर हात लावू नका." कटाऊट म्हणजे गिझर फार तापला की वीज तोडणारा आतला खटका; दुसरा कुणी असता तर तो उडाला म्हणाला असता आणि मला कळलं असतं. काळजीत मावशींची बोली विसरून मी आपला सरळ अर्थ घेतला: काहीतरी जास्त वाढलंय, कमी करायला हवं. गिझरच्या खालचं, उष्णता कमी-जास्त करायचं बटण मी उलटं फिरवून पार शेवटाला नेलं आणि फार मोठं काम केल्यासारखी निजले. दोन दिवस गॅसवर पातेली तापवली, पण बादलीतलं पाणी निवायचं आणि नानांची बोटं पुन्हा आत वळायची. तिसऱ्या दिवशी ती माझ्याच्यानं हलेचनात. नाना त्या हातावर उपरणं टाकून बसून राहिले. मला रडू येत होतं.

मावशी आल्या, कटाऊट दाबून बसवला. तरी दिवा लागेना. मग त्यांनी एकेक करत सगळं उघडलं, भिंतीतला प्लगसुद्धा, आणि शेवटी त्यांची नजर त्या बटणावर गेली. "हे कुणी फिरवलं?"

"तुम्हीच म्हणालात वाढलाय. मी कमी केला."

मावशी एवढ्या हसल्या की बादलीवरून पडता पडता वाचल्या. बाहेरच्या खोलीतून नानांचंही हसणं ऐकू आलं. आजारपणानंतर पहिल्यांदाच.

बटण फिरवलं, दिवा लागला आणि मावशींनी तो लगेच बंद केला. प्लग उघडल्यावर त्यांना दिसलं होतं की अर्थिंगची हिरवी तार कशालाच जोडलेली नव्हती. मी चिडले. "इतकी वर्षं चाललंच ना? आज चालू द्या, तार उद्या टाका. तीन दिवस झाले त्यांच्या हाताला."

मावशींनी आवाज चढवला नाही. "ताई, तुम्हाला झटका बसला तर तुम्ही नळ सोडाल. त्यांची मूठ नळावर आवळली तर उघडायची नाय. ते कसं सोडतील?"

मावशींनी कपाळावरची टिकली काढली आणि भिंतीवरच्या बंद केलेल्या बटणावर चिकटवली. "ही निघाली तर मी पुन्हा यायची नाय." त्या क्षणी मला त्यांचा खरंच राग आला होता. त्याची आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी त्या सातलाच आल्या, दहापर्यंत मीटरपासून नवी तार ओढली आणि नळाखाली पहिला हात स्वतःचा घातला. मग नानांना स्टुलावर बसवलं. वाफेनं आरसा पुसट झाला, भिंती पुसट झाल्या, आम्ही तिघं जणू ढगातच बसलो होतो. पाण्याच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हतं. मी नेहमीसारखी मधली बोटं ओढायला लागले, तशी मावशींनी माझा हात बाजूला केला. "मधनं ओढलं की तार आवळती. शेवटच्या वेढ्यापासून सोडायचं." त्यांनी नानांची करंगळी दोन बोटांत धरली आणि नुसती धरूनच ठेवली. किती वेळ गेला सांगता येत नाही. करंगळी सुटली, मग तिच्या शेजारचं बोट. नाना डोळे मिटून होते. त्यानंतर रोज मी करंगळीपासूनच सुरुवात केली.

दीडेक वर्षानं मावशींना बारीक तार दिसेनाशी झाली आणि त्यांनी येवल्याला बहिणीकडे राहायला जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन त्या आमच्या फाटकाशी आल्या. रिक्षा थांबलेलीच होती. नाना काठी टेकत बाहेर आले, त्यांनी काठी फाटकाला लावून ठेवली आणि दोन्ही हात जोडले. तळव्याला तळवा लागला होता. मावशी त्या हातांकडे बघत राहिल्या. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, चला, बस चुकंल." "चुकू दे," म्हणत त्यांनी दोन्ही पिशव्या रस्त्यावर ठेवल्या आणि नानांचा उजवा हात आपल्या कपाळाला लावला.