सात दहाची चिठ्ठी

माझ्याकडे एक शंभर पानी वही आहे. तिच्यात राउटरला द्यायच्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्येकीच्या शेजारी पेन्सिलीने, ती दिल्यावर काय होतं ते माझ्या शब्दांत. इंग्रजी मला अक्षराला अक्षर लावून वाचता येतं, पण घाईत येत नाही, आणि कारखान्यात घाईशिवाय काम नसतं. म्हणून वही.

माझं गाव भंडारा जिल्ह्यात, सोलापूरपासून रात्र आणि वर अर्धा दिवस. आठवीनंतरची शाळा नदीपलीकडे होती आणि नाव चालवणाऱ्याचा भरवसा नव्हता, तिथे माझं शिक्षण थांबलं. लग्न होऊन सोलापुरात आले. नवरा टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करायचा, मी तिथेच पॅकिंगला लागले. आमच्याकडे बायकासुद्धा ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. पहिल्याच दिवशी सुट्टीच्या वेळी मी म्हणाले, ‘‘चला, मी येतो.’’ अख्खी पॅकिंगची खोली हसली. ‘‘आगं, येते म्हन की! मिशा हायत का तुला?’’ त्या बायकांनीच पुढे मला कडक भाकरी मोडायला, नळाला पाणी कधी येतं ते लक्षात ठेवायला आणि ‘येते’ म्हणायला शिकवलं.

पॅकिंगमध्ये एक डबा होता. डबा म्हणजे काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं आणि पुढे जाडजूड कीबोर्ड. त्यात लॉटचा, म्हणजे मालाच्या एका खेपेचा, नंबर घालायचा. बाकीच्या बायका तो टाळायच्या. मी नंबर एकदा घालायचे, बोट ठेवून वाचायचे, परत एकदा वाचायचे. घराचं कुलूपही मी तीनदा ओढून बघते, तसंच ते. ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत एक मॅडम होत्या. त्यांच्या लक्षात आलं की माझ्या पाळीत चुकीचा नंबर येत नाही. खाली येऊन त्यांनी मला नीट बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘भित्री आहेस ना? चल वर. मला भित्रंच माणूस हवंय.’’

माझ्या भित्रेपणाचा कुणाला उपयोग होईल असं मला तोवर वाटलं नव्हतं.

वरच्या खोलीत कपाटाएवढं जुनं मशीन होतं. कारखान्यातल्या प्रत्येक रंगाची रेसिपी त्यात होती: कुठला रंग किती, मीठ किती, सोडा किती. मशीन आणि डबे एकमेकांशी ज्या पद्धतीने बोलायचे तिला ‘लॅट’ म्हणत. मॅडमनी मला ती अशी समजावली: मशीन दर थोड्या वेळाने तारेवर हाळी देतं, ‘मी इथं आहे, माझ्याकडे स्टोअर आहे, माझ्याकडे रेसिपी आहे.’ डबे ती हाळी ऐकतात आणि पडद्यावर नावांची यादी दाखवतात. ज्याला जे पाहिजे ते त्याने निवडायचं. प्रत्येक नावाला गटाचा नंबर असतो. ज्याला तो नंबर माहीत नाही त्याला ते नाव दिसत नाही. आणि ही हाळी एका इमारतीपुरतीच. राउटर ओलांडून ती पलीकडे जात नाही, कारण तिच्यात पुढचा पत्ताच नसतो.

हे समजून घ्यायला मला महिना लागला. मॅडम एकदाही ‘किती वेळा सांगू’ म्हणाल्या नाहीत.

तीन वर्षं अशी गेली. मग मालकांनी हायवेच्या पलीकडे, चार-पाच किलोमीटरवर नवी इमारत बांधली आणि रंगाचं खातं तिकडे हलवलं. जुनं मशीन मात्र ऑफिसातच राहिलं. आता हाळी तिकडे पोचायची कशी? मॅडमनी तोड काढली. नव्या इमारतीतला डबा तिथल्या राउटरला जोडायचा, तो ऑफिसातल्या राउटरशी नव्या पद्धतीने बोलेल, आणि ऑफिसातला राउटर दुभाष्यासारखा मध्ये बसून तेच मशीनला लॅटमध्ये सांगेल.

मालक म्हणाले, ‘‘करा. पण सोमवारच्या पहिल्या लॉटला डबा चालला पाहिजे. नाही चालला तर मी रेसिपी कागदावर छापून रंगाच्या मास्तरांना देतो. नाहीतरी मॅडम शनिवारी रिटायर होतायत, खोली बंद करू. या ताई जातील परत पॅकिंगला.’’

ते रागाने बोलले नव्हते. हिशोबाचं बोलले होते. पॅकिंगही वाईट नव्हतं, माझ्या मैत्रिणी तिथेच होत्या. पण आठवीत हातातून सुटलेलं काहीतरी मला त्या खोलीत परत सापडलं होतं, आणि ते मला पुन्हा सुटू द्यायचं नव्हतं.

शनिवारी मॅडम शेजारी बसल्या आणि मी वहीत बघून एकेक कमांड दिली. मध्येच चहा आला, तो घ्यायला मी उठले, तेवढ्यात एक ओळ त्यांनीच घातली. दुपारी दोनला नव्या इमारतीतून रंगाच्या मास्तरांचा फोन आला. ‘‘आलं बगा, हिरवं हिरवं!’’

तेवढ्यात खालून मॅडमना बोलावणं आलं, निरोपाचा नारळ आणि साडी द्यायला सगळे जमले होते. जाता जाता त्या म्हणाल्या, ‘‘शेवटची कमांड तेवढी तू दे गं.’’

शेवटची म्हणजे, जे केलं ते राउटरने कायमचं लक्षात ठेवावं म्हणून द्यायची असते ती. ती दिली नाही तरी सगळं चालतं. पण लाइट गेली की राउटर उठतो तो कोरा. ती कमांड मी कधीच दिली नव्हती. मी सगळं मांडायचे आणि मॅडमच शेवटचं बटण दाबायच्या. त्या दिवशी एकटीच पडद्यासमोर बसले आणि वाटलं, माझ्या हातून काही चुकलं असेल तर? चूकच कायमची होऊन बसेल. त्यापेक्षा सोमवारी एक लॉट निघू दे, मग देऊ. मी पडदा बंद करून खाली साडीचं कौतुक करायला गेले. मॅडम संध्याकाळच्या गाडीने लेकीकडे कुर्डुवाडीला गेल्या.

रविवारी लाइनच्या कामासाठी दुपारभर लाइट बंद होती. जुनं मशीन बॅटरीवर होतं. राउटर नव्हता.

सोमवारी सव्वासातला मी नव्या इमारतीत पोचले तर डबा कोरा. मास्तर डब्याशेजारी स्टुलावर बसले होते. साठीचे, काटक, नखं कायम कुठल्या तरी रंगाची. घरी तेलुगू बोलायचे, आमच्याशी सोलापुरी. त्यांच्यामागे रंगाच्या मशीनमध्ये पांढरे ओले टॉवेल फिरत होते. वजनकाट्याच्या टेबलावर झाकण लावलेल्या तीन बादल्या होत्या. त्या मी बघितल्या, पण माझं लक्ष कोऱ्या पडद्यावर होतं.

‘‘अम्मा, डबा उठंना गेलाय,’’ मास्तर म्हणाले.

क्षणात सगळं कळलं. ‘‘मास्तर, माझी चूक आहे. मी शनिवारी पक्कं केलं नव्हतं.’’

‘‘मग आता कर की.’’

‘‘त्याला ऑफिसात जावं लागेल. आणि पहिला लॉट तर...’’

‘‘जा. माल साध्या पान्यात फिरत ठिवतो. त्येला काय हुतंय?’’

‘‘किती वेळ चालेल?’’

‘‘तू काम करस्तोवर चालंल. रडू नको, पळ.’’

सुताची पोती घेऊन निघालेल्या टेम्पोत पुढे बसून मी ऑफिसात आले. रस्ताभर मॅडमना फोन लावला, लागला नाही. वही उघडली. पहिल्या ओळीपासून बोट ठेवत एकेक कमांड दिली. प्रत्येक ओळ तीनदा वाचली. शेवटी राउटरला विचारलं, तुला मशीनची कोणकोणती नावं ऐकू येतात? उत्तर आलं: स्टोअर. फक्त स्टोअर.

रेसिपी नव्हती.

वहीत पुढे काहीच नव्हतं. मी ती मागून पुढे परत चाळली. मग चहा आठवला. मी उठले तेव्हा मॅडमनी घातलेली ती एक ओळ. वहीत फक्त मी दिलेल्या कमांड होत्या, त्यांची नव्हती. आणि त्यांचं एक वाक्य आठवलं, केव्हातरी म्हणालेल्या: ‘‘रेसिपी सगळ्यांना दिसायला नको, म्हणून तिचा गट वेगळा ठेवलाय.’’ म्हणजे ती ओळ गटाची होती. पण नंबर कुठला?

जुन्या रंगखात्यातला एक जादा डबा गोदामात पडला होता. प्रत्येक डब्याच्या पोटाला मॅडमनी जखमेला लावतात ती पांढरी पट्टी चिकटवली होती, त्यावर बॉलपेनने आकडा. मी आजवर समजत होते तो सामान मोजायचा नंबर असेल. पण पॅकिंगच्या डब्याला शून्य होतं आणि स्टोअरच्यालाही शून्य, हे मला गोदामाच्या पायऱ्या उतरताना सुचलं. दोन वस्तूंना एकच नंबर कुणी देत नाही. मी धुळीतला तो डबा उलटा केला. पट्टीवर सतरा लिहिलं होतं.

वर येऊन राउटरला सतरा सांगितलं. थोडा वेळ काही झालं नाही. मग मशीनने हाळी दिली असावी. यादीत दुसरं नाव आलं.

मास्तरांना फोन केला. ‘‘आलं का?’’

‘‘थांब... व्हय, आलं. बॉटल ग्रीन, बराबर.’’ भिंतीवरच्या घड्याळात आठ पंचवीस झाले होते.

मग मी शेवटची कमांड दिली. बोट बटणावर ठेवल्यावर शनिवारचाच विचार आला, पण या वेळी मी दाबलं. दाबल्यावर खरंच लिहून घेतलंय का ते दोनदा बघितलं. आणि राउटरची वायर बॅटरीच्या बोर्डात लावली.

नऊला मालक आले. ‘‘पहिला लॉट उशिरा लागला म्हणे? मास्तर सांगतायत बोअरचं नवं पाणी आहे, बघून घेत होते.’’

मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. पण मला असलं पोटात ठेवता येत नाही, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. ‘‘नाही सर. शनिवारी मी राउटरमध्ये सेव्ह केलं नव्हतं. लाइट गेली आणि सगळं पुसलं गेलं.’’

‘‘आता केलं?’’

‘‘केलं.’’

‘‘चालतंय?’’

‘‘चालतंय.’’

‘‘मग झालं की.’’ आणि ते सुताच्या भावाबद्दल फोनवर बोलत निघून गेले. खोली बंद करायचा विषय त्यांनी परत काढला नाही.

दुपारी रोजच्यासारख्या वजनाच्या चिठ्ठ्या आल्या. रंग मोजला की काट्यातून चिठ्ठी निघते, तिच्यावर ग्रॅम आणि वेळ छापलेली असते. त्या मशीनमध्ये चढवायचं काम माझं. बॉटल ग्रीनच्या तीन चिठ्ठ्या होत्या. रेसिपी समोर ठेवून ताडून बघितलं. तिन्ही रंग ग्रॅमला ग्रॅम बरोबर. मग वेळ बघितली. तिसऱ्या चिठ्ठीवर सात दहा.

मी पोचले सव्वासातला. रेसिपी दिसली आठ पंचवीसला.

मला त्या तीन बादल्या आठवल्या, झाकणं लावलेल्या. मास्तरांनी मी यायच्या आधीच तिन्ही रंग तोंडपाठ मोजून ठेवले होते. ते मालात सोडले असते तर लॉट वेळेवर लागला असता. तरी ते सव्वा तास कोऱ्या डब्याशेजारी स्टुलावर बसून राहिले होते.

चिठ्ठीवर जी वेळ होती तीच मी चढवली.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम तिकडे गेले. ‘‘मास्तर, तुम्हाला रेसिपी पाठ होती.’’

‘‘बॉटल ग्रीन? झोपंत सांगंन.’’

‘‘मग थांबला काहून?’’ घाबरले किंवा भरून आलं की माझं गावाकडचं बाहेर येतं.

‘‘काहून म्हंजे?’’

‘‘म्हणजे का.’’

ते नखातला हिरवा रंग काढत राहिले. ‘‘मी पाठ टाकलं आसतं तर मालक काय म्हनला आसता? मास्तरला डबा लागत न्हाय. मग कशाला खोली, कशाला तू? एकदा का दाखिवलं की हुतंय, मग परत न्हाय म्हनता येत न्हाय.’’ मग हळूच म्हणाले, ‘‘आन माझंबी हाय की त्येच्यात. माझ्या डोक्यातलं तितं मशिनीत हाय म्हनून मी निवांत आसतो. ती बंद झाली तर मला रोज सगळं याद ठिवाय लागंल. लई रंग हायत, अम्मा. बॉटल ग्रीन पाठ हाय. मोरपंखी इचारू नको.’’

आम्ही दोघंही हसलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी बघितलं नाहीसं केलं.

त्याच रात्री मॅडमचा फोन लागला. ‘‘शनिवारी शेवटची कमांड दिलीस ना गं?’’

‘‘सोमवारी दिली.’’

मग त्या म्हणाल्या, ‘‘मीच चुकले. दर वेळी मीच दाबत राहिले. तुला कधी दाबायलाच दिलं नाही.’’ एवढ्या मोठ्या बाईने माझी चूक स्वतःवर घेतली. मी त्यांना जेवलात का विचारलं.

पुढे तीन वर्षांनी नवं सॉफ्टवेअर आलं. जुन्या मशीनमधल्या सगळ्या रेसिपी नव्यात नेण्याचं काम मलाच दिलं, आणि मी अजून त्याच खोलीत आहे. मास्तर आता घरी असतात. सणाला जाते तेव्हा मोरपंखीवरून त्यांना चिडवते.

जुन्या चिठ्ठ्या रद्दीत काढल्या तेव्हा सात दहाची ती एक मी मागून घेतली आणि वहीत शेवटच्या पानावर चिकटवली. काट्याच्या कागदावरची अक्षरं टिकत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात उघडून बघितलं तर कागद जवळजवळ कोरा झाला होता, नुसत्या करड्या सावल्या. त्या पुसल्या जायच्या आत मी वरून बॉलपेनने गिरवून घेतलं. एक ओळ ग्रॅमची, आणि खाली, सात दहा.