चेटकिणीचं लग्न

कुठलंही पुस्तक हातात आलं की ताई आधी शेवटचं पान उघडायच्या. चार ओळी वाचून पुस्तक मिटायच्या आणि म्हणायच्या, "घ्या. लावलं याईनं बी लगन."

आदिलाबादच्या भाजीबाजारात माझं कापडाचं दुकान आणि शेजारी त्यांचं बियाण्याचं. वांगी, भेंडी, दोडक्याचं बी सुटं आणून त्या पुड्या भरत, खळीनं चिठ्ठ्या चिकटवत आणि गिऱ्हाईक नसलं की परीकथा लिहीत. पन्नाशी गाठली तरी लग्न केलेलं नव्हतं, आणि गावाला त्यांच्याबद्दल ते का, एवढंच माहीत करून घ्यायचं होतं.

एकदा नार्नूरच्या एका बाईनं तोंडावरच विचारलं, "काऊन नाई केलं वं बाई लगन?"

"कोनावर जीवच नाई आला कदी. मानसावर नाई, बाईवर बी नाई."

"असं कसं?"

"तुमचा कसा आला, ते सांगा आदी. मंग माझं इचारा."

बाई भेंडीचं बी तिथंच विसरून गेली.

त्यांच्या एका गोष्टीत सुपावर बसून प्राणहिता नदीवरून उडणारी चेटकीण होती. बेज्जूरच्या जंगलात वाट चुकलेले दोन राजपुत्र एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि त्यांचं लग्न हीच लावते, कारण भटजी घाबरून झाडावर चढलेला असतो. वाचताना हसण्याच्या भरात मी एका गिऱ्हाइकाचं कापड वाकडं फाडलं. ती गोष्ट छापून यावी, एवढी एकच इच्छा त्यांनी कधी बोलून दाखवली.

"माझ्यासारकी बाई पुस्तकात दिसतच नाई, भाऊ. दिसली तं शेवटी तिचं लगन, नाई तं थेट इहीर. म्हून मीच लिवली."

आमच्या मराठी मंडळाचा दरवर्षी अंक निघतो. मंडळाचे अध्यक्ष तुम्हीही पाहिले असतील, प्रत्येक गावाला एक मिळालेले असतात. भर उन्हाळ्यात जाकीट, आणि "दोनच शब्द" म्हणून उभे राहिले की चहा गार झाल्याशिवाय खाली बसत नाहीत. त्यांनी गोष्ट घेतली आणि न विचारता सुधारली. अंकात राजपुत्र जिवलग मित्र झाले होते. चेटकिणीनं सेनापतीशी लग्न केलं होतं. लेखिकेच्या नावाआधी 'सौ.' होतं, कारण मंडळात बाईचं नाव आलं की ते लागतंच.

प्रकाशनाच्या कार्यक्रमात ताई शाल घ्यायला उठल्या आणि माइकसमोरच थांबल्या.

"सायेब, सेनापती कोठून आनला?"

"अहो, वाचकांना समाधान नको? बिचारी एकटी राहिली असती."

"तिले बिचारी कोन म्हनलं?"

"ताई, प्रेमाशिवाय गोष्ट पूर्ण होत नाही."

"दोन राजपुत्राईचं प्रेम होतं की. ते तं तुमीच पुसलं."

अध्यक्ष हसले. लहान मुलाकडे बघून हसावं तसं. ते हसू आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. शाल अध्यक्षांच्या हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी ताईंनी दुकानात विक्रीला आलेला अंकांचा गठ्ठा पुढ्यात ओढला. खरा शेवट सकाळीच वेगळ्या कागदांवर छापून आणला होता. तो प्रत्येक अंकात गोष्टीच्या शेवटच्या पानावर खळीनं चिकटवला, पुड्यांवर चिठ्ठ्या चिकटवत तसाच, चारी कोपरे अंगठ्यानं दाबून. 'सौ.'वर बियाण्याच्या चिठ्ठीवरचं वांग्याचं चित्र बसलं.

गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त झालं आणि ताई गेल्या. मंडळानं शोकसभा घेतली. अध्यक्ष "दोनच शब्द" म्हणाले. मग भाषणात ताईंचा एकाकीपणा आला, हसण्यामागचं अबोल दुःख आलं. शेवटी आवाज खाली आणून ते म्हणाले, "कुणीतरी असेलच, ज्याच्यासाठी त्या आयुष्यभर थांबल्या." सगळीकडे माना हलल्या.

जिवंतपणी ताईंनी ऐकलं नाही म्हणून मेल्यावर त्यांच्या गळ्यात सेनापती बांधत होते.

"सायेब, पुरे," मी म्हणालो. पिशवीतून ताईंचा अंक काढला आणि शेवटचं पान मोठ्यानं वाचलं.

'वरात गेली. चेटकीण पोट फुटेस्तोवर जेवली, सुपावर बसून घरी आली आणि अंगणात पाय पसरून बसली. तिला काहीच कमी नव्हतं.'

अंक मिटताना मी त्या चिकटवलेल्या कागदावरून बोट फिरवलं. एकही कोपरा सुटलेला नव्हता.