काकांचा वाफा

वारज्यात आमच्या इमारतीमागे बिल्डरने सोडलेली मुरमाड पट्टी आहे. तळमजल्यावरच्या काकांनी तिथे मेथी लावायचं ठरवलं. अवजारं दोनच, एक पहार आणि एक खुरपं. ते संध्याकाळी जमिनीवर पाणी शिंपडत आणि सकाळी मऊ झालेली वीत-दोन वीत जागा खणत. ढेकळं हातानेच फोडत. कुणी हसलं की म्हणत, "अहो, जमीन कुठे पळून चाललीय?"

महिनाभराने वाफा तयार झाला. त्याच दुपारी मला पार्किंगला जागा मिळेना, म्हणून मी गाडी सरळ वाफ्यावर घातली. भुसभुशीत माती मला दिसली होती, तरीही घातली. तासाभराने काढून नेली.

दुसऱ्या दिवशी काका टायरने दाबलेल्या मातीत पुन्हा पहार मारत होते. न राहवून मीच विचारलं, "कुणी केलं हो हे?"

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

"असेल कुणी बाहेरचा," ते म्हणाले. "आपल्यातलं कोण असं करेल?"

"हो ना," मी म्हणालो.

गाडी घातली त्यापेक्षा त्या "हो ना"ची लाज मला आजही जास्त वाटते.