काकांनी गोणपाटावर खोललेला शब्द

बबनकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात परदेशी पाहुण्यांना मशीन समजावून सांगत होते, तेही फ्रेंचमधून. "तुझे काका गेले वं पोरी..." काकू एवढंच बोलली. आणि माझ्या तोंडात जो शब्द अर्धवट राहिला, तो मला काकांनीच शिकवलेला होता. मारेगावच्या जिनिंगमधला फिटर फ्रेंच कसा शिकवेल, असं तुम्ही म्हणाल. त्यांना त्यातलं एक अक्षर येत नव्हतं, तरी शिकवलं!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशिनी बनवून आफ्रिकेत पाठवणाऱ्या कंपनीला फ्रेंच बोलणारं माणूस हवं होतं. आधीच्या दोन मुलाखतींत मी तोंडावर आपटले होते. ही तिसरीही गेली की पुसदला बी.एड., असं घरात ठरलंच होतं. काकांच्या ओसरीवर मी शब्दांची यादी घोकत होते आणि 'एग्रनोझ' या एकाच शब्दावर जीभ अडखळत होती. शेवटी रडूच फुटलं.

"काहून रडून राह्यली? मशीन काय पाठ करते का कोनी? खोलते!" असं म्हणून काकांनी गोणपाट अंथरलं. कुठलीही मशीन ते अशीच उघडत. सुटे भाग काढल्या क्रमानं ओळीत मांडायचे, आणि ज्यानं खोलली त्यानंच ती जोडायची. मला त्यांनी खडूनं शब्दाचे तुकडे लिहायला लावले. ए म्हणजे बाहेर. ग्रन म्हणजे दाणा. ओझ म्हणजे करणारी. दाणे बाहेर काढणारी!

"म्हंजे सरकी काढनारीच ना! आपलीच बाई आहे हे!" काका मांडीवर थाप मारून हसले.

मी म्हटलं, "पण बोलताना असे तुकडे पडत नाहीत. ए-ग्र-नोझ असं म्हणावं लागतं. 'न' हे अक्षर अर्थाला मागच्या तुकड्यात जातं, उच्चाराला पुढच्या." मला वाटलं, आता काका वैतागतील. ते तर खूशच झाले. "मंग काय झालं? पट्टा नाही का, इकडून मोटरवर अन् तिकडून पुलीवर! म्हनून तं चाक फिरते."

मुलाखत मशीनसमोरच झाली आणि मी पाठ केलेलं सगळं विसरले. मग सरळ गोणपाट मागितलं, खाली बसले आणि एकेक भाग मांडत तुकड्यातुकड्यानं बोलत सुटले. नोकरी मिळाली!

काकांची एक सवय सांगायची राहिलीच. बटण दाबण्याआधी ते पुली हातानं एक फेरा फिरवून कान देत, आणि डबा घेऊन आलेल्या काकूलाही ऐकायला लावत. काका गेल्यानंतर, मागच्या आठवड्यात आफ्रिकेतल्या बेनिनमध्ये आमची मशीन बसली. सगळे टाळ्या वाजवायला तयार होते, मी म्हटलं, थांबा. पुली फिरवली, ऐकलं. मग मशीन सुरू झाली, भराभर रुई पडू लागली आणि त्या आनंदात मी सवयीनं काकांचाच नंबर लावून बसले...

काकूनं उचलला. मागचा मशीनचा आवाज तिला ऐकू गेला असावा. मग ती म्हणाली, "फोन मशीनजवळ धर वं. ऐकू दे मले."

मी धरला. कान देऊन ऐकल्यावर ती म्हणाली, "सुरी घासून राह्यली थोडी. पाह्य."

मशीन थांबवून सरकी सोडवणारी पात्याची ती सुरी पाहिली. खरंच घासत होती.