काळ्याची दुसरी साडेसाती

कुत्र्यांच्या डॉक्टरला किस्से जमवत हिंडावं लागत नाही. ते आपल्या पायांनी दवाखान्यात येतात. कधी चार पायांनी, बहुतेक वेळा दोन! गारखेड्यातल्या माझ्या दवाखान्याला चोवीस वर्षं झाली. एवढ्या काळात सुया बदलल्या, लशी बदलल्या, शहराचं नाव बदललं. पण माणसं आधी कुत्रं घेतात आणि मग "डॉक्टर, कोणतं घ्यावं?" असं विचारायला येतात, यात काडीचा फरक पडलेला नाही.

पूर्वी मी समजावत बसायचो. घरात दिवसभर कोण असतं? फिरवणार कोण? जागा किती? उन्हाळ्यात काय करणार? बारा वर्षं सांभाळाल का? पिल्लाची आई बघितल्याशिवाय पिल्लू उचलू नका, आणि दोन महिन्यांचं होईपर्यंत तर अजिबात नको. आता घसा दुखतो. म्हणून हे सगळं एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. परवा एकाने तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला, मान डोलावली आणि म्हणाला, "लई भारी लिहिलंय डॉक्टर. बरं, पांढरं पिल्लू कुठं भेटंल?"

*

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला पाटील साहेब त्यांचा काळा लॅब्राडोर घेऊन आले. नाव काळ्या. पिल्लू होता तेव्हापासून त्याच्या लशी मीच केलेल्या. तब्येत ठणठणीत, फक्त मागचा उजवा पाय जरा आखडायचा.

"काय होतंय याला?"

"काही नाही. ठेवून घ्या."

"बाहेरगावी निघालात?"

"नाही हो. साडेसाती संपली आमची."

मला काही कळेना. मग त्यांनी शांतपणे समजावलं. त्यांची रास मकर. साडेसाती लागली तेव्हा ज्योतिषाने सांगितलं, दर शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली चपाती घाला. दर शनिवारी गल्लीबोळांतून काळा कुत्रा शोधत कोण फिरणार? त्यापेक्षा घरातच एक आणला. आता शनी महाराज पुढच्या राशीत गेले होते. "आणि घरात नवीन सोफा येतोय," पाटील साहेब म्हणाले.

दोरी त्यांनी अन्वरभाईच्या हातात दिली. अन्वरभाई माझा कंपाउंडर, वयाने माझ्याहून मोठा, बोलायला कंजूस. पाटलांची गाडी वळणापलीकडे गेली तरी तो दोरी धरून उभा होता.

"साब," तो म्हणाला, "उनकी खतम हो गई. इसकी तो आज से चालू हुई!"

*

स्पष्टच सांगतो, त्या आठवड्यात मला या धंद्याचा वीट आला. काळ्या पिंजऱ्यात गेटकडे तोंड करून बसायचा. गाडीचा आवाज आला की उठायचा, आवाज पुढे गेला की बसायचा. आठव्या दिवसापासून त्याने खाणं अर्ध्यावर आणलं. घरात वाढलेलं कुत्रं पिंजऱ्यात असंच झुरतं, आणि झुरणीवर माझ्याकडे इंजेक्शन नाही.

घरी नेता येत नव्हतं. "ठेवून घ्या" म्हणून आलेले तिघे आधीच माझ्या घरी आहेत आणि चौथा आणला तर दवाखान्याच्या पिंजऱ्यात पाचवा मी असेन, असं बायकोने बजावलं होतं. लॅब जगतो बारा, फार तर तेरा वर्षं. काळ्या साडेसात वर्षांचा. म्हणजे त्याला लवकर घर मिळायला हवं होतं आणि मागणी सगळी पिल्लांना!

तरी मी ठरवलं, कुत्रं विचारायला जो येईल त्याला आधी काळ्या दाखवायचा.

*

पहिलं आलं बीड बायपासचं एक कुटुंब. आई, बाप, शाळेतली मुलगी. मी काळ्याकडे बोट दाखवलं.

मुलीने वाकून बघितलं. "याचे डोळे निळे नाहीयेत."

निळ्या डोळ्यांचा हस्की त्यांनी आधीच सांगून ठेवलेला होता. माझ्याकडे फक्त होकार घ्यायला आले होते. मी म्हणालो, "अहो, तो बर्फातला प्राणी. आपल्याकडे मे महिन्यात माणसं टिकत नाहीत."

"एसी हाय ना डॉक्टर!" बाप म्हणाला.

मे महिना आला आणि एका भर दुपारी फोनही आला. "डॉक्टर, लाइट गेलीय! कुत्रं लई धापा टाकतंय!"

मी सांगितलं, ओल्या टॉवेलने पुसा, पाणी पाजा आणि गाडीत एसी लावून बसवा. त्यांनी अख्खी दुपार त्याला जालना रोडवर इकडून तिकडे फिरवलं. संध्याकाळी मी काळजीने फोन केला.

"कुत्रं एकदम ओके हाय," बाप म्हणाला. "सासऱ्यांना सलाइन लावलीय. गाडीत जागा नव्हती, म्हणून ते घरीच राहिले होते!"

*

मग आले गुलमंडीतले एक कापडाचे व्यापारी. आपण त्यांना शेठ म्हणू. राखणीला कुत्रं पाहिजे होतं. काळ्या पिंजऱ्यातून बाहेर आला, शेपटी हलवली आणि शेठच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसला.

शेठनी पाय काढून घेतला. "हा तर चोराला चहा विचारंल!"

त्यांनी रॉटवायलर घ्यायचं ठरवलं. मी म्हणालो, घ्या, पण पिल्लं बघताना जे अंगावर धावून येतं ते घेऊ नका आणि जे कोपऱ्यात दडतं तेही नको. जे आपणहून येऊन हुंगतं आणि मग आपल्या खेळाला लागतं, ते घ्या. शेठनी सगळं ऐकलं आणि भावंडांना चावणारं, सगळ्यांत जास्त भुंकणारं पिल्लू उचलून आणलं!

काही महिन्यांनी त्यांचा फोन. आवाज पार बसलेला.

"डॉक्टर, तो घरात येऊ देईना."

"कुणाला?"

"मला!"

शेठ सहकुटुंब तिरुपतीला गेले होते आणि डोक्याचा, मिशीचा चकोट करून परतले होते. मी म्हणालो, "अहो, आवाज द्या. आवाजावरून ओळखेल."

"गोविंदा गोविंदा करून आवाजच राहिला नाय!"

"बाकीच्यांना येऊ देतो?"

"समद्यांना. बायको आत बसून जेवतीय."

"मग तुम्ही कुठे आहात?"

"दुकानात. केस यायची वाट बघतोय."

*

खोटं कशाला बोलू, भिंतीवरचा कागद मनावर घेणारं एक घर मला भेटलं. सिडकोतले कुलकर्णी. नवरा-बायको दोघं नोकरीला, सासूबाई दिवसभर घरी. त्यांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून आणलं होतं. काळ्या त्यांना मनापासून आवडला. पण घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि काळ्याचा पाय तसा. मीच नको म्हणालो. नको म्हणताना जीव तुटला.

त्यांना मी एक छोट्या चणीचं पिल्लू सुचवलं आणि बजावलं, "आईला बघून या. आई शांत असेल तर पिल्लू शांत निघण्याची शक्यता जास्त."

दोन दिवसांनी तिघं पिल्लू घेऊन तपासणीला आले.

"आई बघितली?"

"बघितली की," सूनबाई म्हणाल्या. "पण ह्या आमच्या सासूबाई…"

सासूबाईंनी पदर सारखा केला. "लेकरू उचलून आणायचं आणि आईला रिकामी ठेवायची? मला नाही पटत. ओटी भरली मी तिची."

"कुत्रीची?"

"खण, नारळ, हळदकुंकू. सगळं रीतसर."

"मग?"

"गुणाची आहे हो. हळदकुंकू लावेपर्यंत उभी राहिली. मग खण घेऊन पळाली!"

हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते तिघं गेले आणि पिंजऱ्यात काळ्या होताच. त्या दिवशी त्याने सकाळची वाटी तशीच ठेवली होती.

*

असे तीन आठवडे गेले आणि काकडे आले. बिडकीनकडचे शेतकरी घरातले, आता एका कंपनीत सुपरवायझर, सातारा परिसरात स्वतःचं छोटं घर. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "काळं पिल्लू पाहिजे. साडेसाती लागली. मेष रास."

माझा तोल सुटला. चोवीस वर्षांत मी गिऱ्हाइकावर ओरडलो नव्हतो, त्या दिवशी ओरडलो. "आणि संपली की इथे आणून बांधाल! सोफा घ्याल! कुत्रं म्हणजे काय नवसाचा नारळ आहे का?"

काकडेंनी दाराकडे बघितलं. बाहेर स्कूटीवर त्यांची बायको बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "मला तर नकोच हाय डॉक्टर. केस गळत्यात, घाण करतंय. शनीचं हाय म्हणून गप बसलेय मी. नाय तर दारात उभं नसतं केलं!"

झालं. एकाला शनीसाठी हवा, दुसरीला अजिबात नको. भिंतीवरच्या कागदाप्रमाणे हे घर 'बारा वर्षं सांभाळाल का?' इथेच नापास. पण काळ्या आता नुसतं पाणी पीत होता.

"पिल्लू नाही," मी म्हणालो. "हा आहे. वय साडेसात. पाय आखडतो."

काकडेंनी वाकून बघितलं. "काळा हाय ना?"

"आहे."

"मग चालतंय की."

काळ्या स्कूटीवर दोघांच्या पायांपाशी अंग चोरून बसला आणि गेला. मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. अन्वरभाईने त्याची वाटी घासून फळीवर ठेवली. "फेंकता नहीं साब," तो म्हणाला. "वापस आएगा तो लगेगी."

*

दिवाळी झाल्यावर काकडे एकटेच आले. चेहरा उतरलेला. मी त्यांच्या मागे दोरी दिसते का ते बघत होतो.

"डॉक्टर, घोळ झालाय."

घोळ असा. काकडेंची पत्रिका शाळेच्या दाखल्यावरून केलेली आणि दाखल्यावर जन्मतारीख एक जून. आमच्याकडे जुन्या दाखल्यांवर अर्धा वर्ग एक जूनला जन्मलेला असतो. आईबापाला तारीख आठवली नाही की गुरुजी एक जून टाकून मोकळे! आता भाच्याच्या लग्नात खुलताबादच्या आत्याबाई सहज बोलून गेल्या, "तू तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला रे. बैलांच्या शिंगांचा रंग बी वाळला नव्हता." काकडे धावत ज्योतिषाकडे. पत्रिका नव्याने मांडली. रास निघाली कन्या!

"म्हणजे साडेसाती?"

"लागलीच नाय."

मला राग आला आणि रागापेक्षा जास्त थकवा. फळीवरची वाटी दिसत होती. "ठीक आहे," मी म्हणालो. "आणा त्याला."

काकडे दचकले. "कुणाला? नाय नाय! तेच तर सांगाया आलोय. घरी कुणाला सांगितलं नाय मी. बायकोला कळलं तर ती एक दिवस ठिवायची नाय त्याला. शनीच्या धाकानं सोसतीय बिचारी. आत्याबाईला बी शपथ घातलीय. तुम्हाला कधी विचारलं तिनं, तर म्हणा, साडेसाती चालू हाय."

"काकडे, मी कुत्र्यांचा डॉक्टर आहे."

"म्हणून तर! कुत्र्याच्या बाबतीत ती तुमचंच ऐकती."

*

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी काकडेवहिनी आल्या. सोबत काळ्या. थंडी सुरू झाल्यामुळे पाय जास्त आखडत होता, म्हणून तेलाने चोळून चोळून शेवटी घेऊन आल्या होत्या. काळ्याचं वजन वाढलेलं, गळ्यात नवा पट्टा. तो फरशीवर पसरला, तशा वहिनीही खुर्ची सोडून त्याच्याशेजारी खाली बसल्या.

मी पाय तपासला, गोळ्या लिहिल्या. "चपात्या किती खातो?"

"शनिवारची तेलाची एक. बाकी रोज सकाळ-संध्याकाळ दोन दोन. दुधात कुस्करून."

मी वजनाबद्दल दोन शब्द सुनावणार होतो, तेवढ्यात त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज बारीक केला.

"डॉक्टर, एक बोलू? ह्यांना सांगू नका."

"बोला."

"आत्याबाईंनी माझ्या कानावर घातलंय. ह्यांची पत्रिका चुकलीय. साडेसाती नायच ह्यांना."

मी पेन खाली ठेवलं. अन्वरभाईच्या हातातली सिरिंज तशीच राहिली.

"मी आत्याबाईंना शपथ घातली, ह्यांच्यापाशी बोलायचं नाय," वहिनी म्हणाल्या. "ह्यांना कळलं तर उद्याच तुमच्याकडं आणून बांधतील त्याला. शनीसाठी आणलेला, ह्यांच्या मनात दुसरं काय नाय. तुमच्यापाशी विषय निघाला तर म्हणा, चालू हाय."

"चालू आहे," मी म्हणालो.

वहिनी काळ्याच्या कानामागे खाजवत राहिल्या. त्याच्या तोंडाभोवतीचे केस आता पांढरे होत आले होते. अन्वरभाईने फळीवरची वाटी उतरवली, तिच्यात पाणी भरलं आणि काळ्यापुढे ठेवली. काळ्या पडल्या पडल्या प्यायला.

"साडेसाती म्हंजी साडेसात वर्षंच ना डॉक्टर?" वहिनींनी विचारलं. "मधीच संपत नाय ना?"

"नाही."

त्यांनी काळ्याच्या त्या पांढऱ्या तोंडाकडे बघितलं. वर्षं मोजत बोटं हळूहळू मुडपली. मग पदराने त्याच्या मिशांचं पाणी पुसलं.

"मग पुरंल," त्या म्हणाल्या.