जळवांचा डाव

डिग्रीच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघे जोयड्यात एका भाड्याच्या खोलीत राहत होतो. पावसाळाभर दर रविवारी सकाळी आमचा एक डाव चालायचा. रानातली पाऊलवाट तुडवत ओढ्यापलीकडच्या रिकाम्या खोपीत जायचं, पँटी गुडघ्यापर्यंत वर करायच्या आणि जळवा मोजायच्या. ज्याच्या पायाला जितक्या जळवा, तितकी टोपणं दारू त्यानं प्यायची. डाव काढला होता खानापूरकडच्या दोस्तानं. अंगानं आडदांड आणि बोलायला त्याहून आडदांड. बाटलीही तोच आणायचा.

माझी पंचाईत वेगळीच होती. दुपारच्या बसनं मी गावी जायचो, आणि गावी माझे वडील, आप्पा होते. आदल्या वर्षी उळवीच्या जत्रेत त्यांनी देवापुढं दारू सोडली होती. सोडली म्हणायला सोपं. चहाचा कप धरताना थरथरणारे त्यांचे हात मी पाहिले होते. शेजारी जेवायला बसल्यावर माझ्या तोंडाचा वास त्यांना आला तर? हीच धास्ती असायची. पण दोस्तांना ‘नको’ म्हणायची छाती नव्हती.

म्हणून मी युक्ती काढली. आमच्याकडं जळवांवर घरचं औषध आहे, तंबाखू चुन्यात मळून पायाला चोळायची. आप्पांकडं तंबाखू मागितली तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“खातोस?”

“न्हाई, आप्पा. जळवांसाठी.”

“बरं,” म्हणाले. विश्वास बसला नव्हता, पण चंची सोडली.

त्यानंतर काही माझा भोपळा फुटेना. “जळवाबी वळखतात ह्याला, रानचा गडी हाय,” असं म्हणून खानापूरवाला स्वतःची आठ-दहा टोपणं हसत हसत रिचवायचा. बाकी दोघांच्या वाट्याला तीन-चार तरी यायचीच.

एका रविवारी निघण्याआधी मी न्हाणीत पाय चोळत होतो, तर खानापूरवाला दारात उभा. मला वाटलं, आता चारचौघांत माझं हसं होणार. तो आत आला, कडी लावली आणि हळूच म्हणाला, “मला बी दे की, मर्दा. दर येळी परत येताना झाडामागं ओकतोय. सोसत न्हाई मला.”

मी त्याला अर्धी तंबाखू दिली. इतका आनंद मला परीक्षा पास झाल्यावरही झाला नव्हता.

त्याच्या पोटात काहीच टिकत नसे, दारूही नाही आणि गुपितही नाही. पुढच्या रविवारी खोपीत पँटी वर झाल्या. माझं शून्य, त्याचं शून्य आणि उरलेल्या दोघांचंही शून्य. सगळ्या खोपीत तंबाखूचा वास. आधी कुणी कुणाकडं बघेना. मग एकजण फिस्सकन हसला आणि चौघेही पोट धरून लोळलो. चुरमुरे खाल्ले आणि बाटली न उघडताच परत आणली.

त्या दुपारी गावी जाऊन आप्पांना सगळं सांगून टाकलं. ऐकता ऐकता ते खूप हसले.

“आमच्या पिणाऱ्यांतबी असंच आसंल,” ते म्हणाले. “नको तर समद्यांनाच आसंल. कुणी कुणाला इचारलंच न्हाई बघ.”

मग त्यांनी चंची माझ्या हातात रिकामी केली.

“घे. चौघांना पुरंल.”